घाट रुंद केला की सोपा होतो का?

दोन पावसाळ्यांपूर्वी पुण्याहून मुंबईला येताना बोरघाटाच्या उतारावर आमच्या गाडीचं चाक पंक्चर झालं. गाडी कडेला घेतली आणि आम्ही सगळे कठड्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. पन्नासेक पावलांवर सळया भरलेला एक ट्रक थांबला होता. त्याच्या मागच्या चाकांतून निळसर धूर येत होता आणि ब्रेकचा लायनर जळल्याचा उग्र वास पावसाच्या हवेतही नाकात बसत होता. क्लीनरचं काम करणारा पोरगा पाण्याचा कॅन घेऊन चाकाकडे धावला, तसा ड्रायव्हर ओरडला, "पाणी नको टाकू रं, ड्रम तडकंल!" मग त्याने उताराच्या बाजूने चाकांखाली दोन मोठे दगड लावले आणि आमच्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, आता तासभर तरी हलत नाय. वरनं जरा वेगात आलो, तिथंच चुकलं."

स्टेपनी बदलून होईपर्यंत मी त्या चाकाकडेच बघत होते. घाटरस्ता अवघड का असतो आणि तो सुधारायचा म्हणजे नेमकं काय करायचं, याचं निम्मं उत्तर त्या तापलेल्या ड्रममध्ये होतं. आपल्याकडे घाटाचा विषय निघाला की पहिली मागणी रुंदीकरणाची असते. मागणी चुकीची नाही, पण अपुरी आहे. उतारावर साठणारी उष्णता, गाड्यांच्या वेगातला फरक, डोंगरात मुरणारं पाणी आणि माणसाच्या हातून होणारी चूक, या चार गोष्टींचा बंदोबस्त न करता नुसता रुंद केलेला घाट कधी कधी आधीपेक्षा जास्त जीवघेणा ठरतो. हे कसं, ते बोरघाटाच्याच उदाहरणाने सांगते, कारण या एका घाटात गेली दोनशे वर्षं हा प्रयोग चालू आहे.

ती साडेपाचशे मीटर उंची

कोकणातून देशावर यायचं तर खोपोलीच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत ढोबळमानाने साडेपाचशे मीटर चढावं लागतं. ही उंची कुणालाच चुकलेली नाही. १८३० मध्ये जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. त्याआधी या वाटेने माल चढायचा तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली. तिचा चढ सरासरी ४८ फुटांना एक फूट आणि सर्वांत कडक जागी ३७ फुटांना एक फूट होता. एका ठिकाणी गाडी वळवायला डोंगराने जागाच दिली नाही, तेव्हा इंजिनिअरांनी गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून, उलट्या दिशेने पुढचा चढ चढवायची सोय केली. हे रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ पर्यंत वापरात होतं.

त्या कामावर एके काळी चाळीस हजारांहून जास्त मजूर होते आणि पटकीने, तापाने त्यातले हजारो दगावले. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. मग त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी, कंत्राट पुढे नेलं. जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर, आणि वाट दाखवल्यावर त्याचाच जीव घेतला गेला, अशी त्याची दंतकथा. आजही जाता-येता ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात. डोंगराची वाट कागदावर आखण्याआधी ती कुणाच्या तरी पायांना माहीत असते, हे त्या देवळापाशी मला दर वेळी जाणवतं.

मग आला द्रुतगती महामार्ग. ९४.५ किलोमीटर लांब, सहा मार्गिकांचा, २००२ मध्ये पूर्ण झालेला. सपाटीवर त्याने मुंबई-पुणे प्रवासाचं रूपच पालटलं. घाटात मात्र तो अडकला. का अडकला, ते समजायला पुन्हा त्या ट्रककडे जावं लागेल.

उष्णता जाते कुठे?

एक साधा हिशेब करू. मालासकट ४० टनांचा ट्रक ५०० मीटर खाली उतरतो, तेव्हा त्याच्या वजनाने उंचीमुळे मिळवलेली ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावीच लागते. ती भरते सुमारे १९.६ कोटी ज्यूल. आकडा नुसता ऐकून काही कळत नाही, म्हणून असं समजा: एवढ्या ऊर्जेत जवळजवळ ६०० लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत येईल. किंवा, ताशी ६० किलोमीटर वेगातला तोच ट्रक लागोपाठ ३५ वेळा पूर्ण थांबवला तर ब्रेकवर जेवढा भार येईल, तेवढा एक घाट उतरताना येतो. हवा आणि टायरचं घर्षण त्यातला काही वाटा उचलतात. बाकीचं काम इंजिनाने करायचं असतं. ते त्याने केलं नाही तर सगळं ब्रेकच्या गळ्यात पडतं.

इंजिन हे काम कसं करतं? गाडी खालच्या गिअरमध्ये असली की चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना विरोध करतं. डिझेल जळत नाही, पण ओढ कायम राहते. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. याउलट डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की ही सगळी मदत बंद होते. त्यातून कुणी इंजिनच बंद केलं तर संकट दुहेरी. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद, ब्रेक मारणं चालू, म्हणजे टाकीतली हवा संपत जाणार.

तापलेला ब्रेक का लागत नाही, हेही पाहू. लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारा ब्रेकचा थर, एका मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड कमी होते. लोखंडी ड्रम उष्णतेने फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो. ड्रायव्हर पेडल पूर्ण दाबतो, पण पूर्वीइतकी पकड मिळत नाही. आपण बातमीत वाचतो, "ब्रेक फेल झाल्याने". बऱ्याचदा ब्रेक तुटलेला नसतो, भाजलेला असतो.

आणि यासाठी फार खडा उतार लागतो असंही नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार कारमधून जाताना जाणवतही नाही. तरी २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने कित्येक गाड्यांना उडवलं. तिथले अपघात त्यानंतरही थांबलेले नाहीत. उताराची टक्केवारी एकटी काही सांगत नाही, तो उतार न थांबता किती लांब चालतो हे तितकंच महत्त्वाचं. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांत डोंगरी रस्त्याचा सर्वसाधारण चढ ५ टक्के, म्हणजे १०० मीटरला ५ मीटर, धरलेला आहे. अगदी नाइलाजाने तो ७ टक्क्यांपर्यंत नेता येतो, तोही थोड्याच अंतरापुरता. "थोड्याच अंतरापुरता" या अटीत सगळा जीव आहे.

म्हणून घाटसुधारणेत मी सर्वांत आधी बघते ते हे की उतार सुरू होण्यापूर्वी ट्रकला थांबायला प्रशस्त जागा आहे का. तिथे ब्रेक तपासता यावेत, गिअर उतरवता यावा, पुढे किती किलोमीटर उतार आहे याचा ठळक फलक असावा. पाटी स्वस्त असते, ड्रायव्हर परप्रांतातला असू शकतो, आणि पुढे काय आहे हे माहीत नसणं हाच त्याचा मोठा धोका असतो.

पाऊण मिनिटाचं ओव्हरटेक

आता चढाच्या बाजूला येऊ. १८० अश्वशक्तीचं इंजिन, ४० टन वजन, ५ टक्क्यांचा चढ. गणित केलं तर असा ट्रक ताशी वीसच्या आसपास रखडतो. ड्रायव्हरने कितीही पाय दाबला तरी याहून वेग येत नाही. मागून ८० ने कार येते. दोघांमधला फरक ताशी ६०. म्हणजे शंभर मीटरवर दिसलेला ट्रक सहा सेकंदांत तुमच्या बॉनेटसमोर असतो.

याहून वाईट प्रकार घाटात रोज दिसतो. २२ ने चाललेल्या ट्रकला २५ ने चाललेला ट्रक ओलांडायला जातो. फरक ताशी ३ किलोमीटर. दोन्ही गाड्यांची लांबी आणि मधलं अंतर धरून चाळीस मीटर पुढे काढायला त्याला पाऊण मिनिटाहून जास्त लागतं. तेवढ्या वेळात तो ३०० मीटरहून अधिक अंतर मधली मार्गिका अडवून चालतो. मागच्या गाड्या तिसऱ्या मार्गिकेत घुसतात, कुणी ब्रेक मारतो, कुणी हॉर्न, आणि रांग लागते. रांगेतला प्रत्येक जण म्हणतो, एवढा मोठा रस्ता आणि ही कोंडी कशी?

बोरघाटात या दुखण्याचं आणखी एक कारण आहे. खालापूरकडून येणारा जुना राष्ट्रीय महामार्ग आणि द्रुतगती मार्ग आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत एकत्र येतात. म्हणजे चार मार्गिकांची वाहतूक आणि सहा मार्गिकांची वाहतूक, दोन्ही सहा मार्गिकांत. तीसुद्धा नेमक्या त्या तुकड्यात, जिथे ट्रक सर्वांत हळू असतात. शनिवारी सकाळी अमृतांजन पुलाच्या जागेपाशी ज्यांनी तास-दीड तास काढला आहे, त्यांना हे गणित समजावून सांगायची गरज नाही.

यावर उपाय म्हणून चढाच्या बाजूला जड वाहनांसाठी वेगळी मार्गिका देतात. ती खरंच उपयोगी पडते, पण दोन अटींवर. ती चढ सुरू होताना नव्हे, तर ट्रकचा वेग पडायला लागतो तिथे मिळायला हवी. आणि ती चढ संपल्याबरोबर संपू नये. माथ्यावर ट्रकला पुन्हा वेग घ्यायला काही अंतर लागतं, नाहीतर हळू ट्रक आणि वेगवान कार यांची गाठ ऐन माथ्यावर, जिथे पलीकडचं दिसत नाही तिथे पडते.

वळणाचंही थोडक्यात सांगते. वळणावर गाडीला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ३० मीटर त्रिज्येच्या तीव्र वळणावर ताशी ३० ने हा जोर गाडीच्या वजनाच्या साधारण २४ टक्के असतो, ४० ने तो ४२ टक्क्यांवर जातो. उंच माल भरलेला ट्रक ३५-४० टक्क्यांच्या आसपासच कलंडायला लागतो. रस्त्याची बाहेरची कड उचलून थोडी मदत करता येते, पण मर्यादेतच, कारण तेच वळण रखडत चढणाऱ्या ट्रकलाही घ्यायचं असतं. म्हणजे दहाचा फरक, स्पीडोमीटरवर काट्याची जराशी हालचाल, आणि ट्रक आडवा. रस्ता रुंद आणि गुळगुळीत केला, वळण मात्र तसंच ठेवलं, तर ड्रायव्हरला वेग वाढवावासा वाटतो आणि वळण त्याला माफ करत नाही. नुसतं रुंदीकरण घातक का ठरू शकतं, ते इथे कळतं.

डोंगर कापला की पाणी बोलतं

हा भाग माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा, आणि सगळ्यांत दुर्लक्षित.

सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. दुरून बघताना ते सलग काळ्या भिंतीसारखे दिसतात. जवळ जाऊन पाहा. खंडाळ्याच्या कुठल्याही कापलेल्या कड्यावर वर लालसर माती, तिच्याखाली हाताने भुगा होईल असा मुरूम, मग फुटीर दगड, मग घट्ट काळा कातळ, आणि मध्येच एखादा विटेच्या रंगाचा मऊ पट्टा दिसतो. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात तयार झालेला हा तांबडा थर पाण्याने मऊ पडतो. वरचा कातळ कितीही मजबूत असला तरी तो बसलाय या मऊ गादीवर. त्यात कातळाला उभ्या भेगा. लोणावळा-खंडाळ्याला वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो, तो बहुतेक चार महिन्यांत. हे पाणी भेगांतून आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही की आतून ढकलायला लागतं.

डोंगराचा नैसर्गिक उतार हा हजारो पावसाळ्यांनी ठरवलेला असतो. रस्ता रुंद करायला आपण त्याचा पायथा कापतो. वरचं वजन तेवढंच राहतं, खालचा टेकू जातो. कापल्याबरोबर काही होत नाही. पहिला पावसाळा जातो, दुसरा जातो, भेगा रुंदावतात, आणि मग एखाद्या जुलैत दरड येते. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ भर रस्त्यावर दरड कोसळली आणि गाडीतल्या माणसांचे जीव गेले. त्यानंतर कड्यांवर जाळ्या बसवल्या, सुटे दगड पाडून घेतले. जुलै २०२३ मध्ये आडोशीजवळ पुन्हा दरड रस्त्यावर आली. मुंबई-गोवा महामार्गावरच्या परशुराम घाटात चौपदरीकरणासाठी डोंगर कापायचा होता. तिथे २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत रोज दुपारचे काही तास घाट बंद ठेवून काम करावं लागलं, आणि पावसाळ्यात दरडीची टांगती तलवार राहिली ती राहिलीच. चिपळूणच्या माणसाला विचारा, गणपतीला गाव गाठताना परशुराम घाट आला की गाडीतल्या गप्पा थांबतात.

कडा सावरायचे उपाय आहेत. भोकं पाडून कातळात लांब सळया ठोकतात, त्या सुट्या थराला मागच्या घट्ट कातळाशी शिवतात. वर पोलादी जाळी अंथरतात, काही ठिकाणी दाबाने काँक्रीट फवारतात. उंच कडा एका सरळ भिंतीसारखा न कापता पायऱ्या-पायऱ्यांनी कापतात, म्हणजे वरून निसटलेला दगड पायरीवर अडतो. पण हे सगळे उपाय पाण्याचा निचरा नीट असेल तरच टिकतात. कड्याच्या माथ्यावर, कापलेल्या कडेच्या मागे, पाणी अडवून बाजूला नेणारी चर हवी. काँक्रीटच्या थरात आणि संरक्षक भिंतीत पाणी बाहेर यायला भोकं हवीत. रस्त्याकडेचं गटार वाहतं हवं आणि रस्त्याखालून ओढा नेणारी मोरी त्या ओढ्याच्या पुराच्या मापाची हवी, उन्हाळ्यातल्या धारेच्या मापाची नको.

पुढच्या वेळी घाटातून जाताना भर पावसात संरक्षक भिंतीकडे बघा. भोकांतून पाण्याच्या धारा पडत असतील तर भिंत आपलं काम करते आहे. आजूबाजूला पाऊस कोसळतोय आणि भोकं मात्र कोरडी, भिंतीला मधेच फुगवटा, तर पाणी मागे साठतंय. एवढी खूण पुरेशी आहे.

डोंगराला बगल, की डोंगराच्या पोटातून?

एका मर्यादेपलीकडे जुनी आखणी दुरुस्त करण्यात अर्थ उरत नाही. मग नवी वाट. द्रुतगती मार्गाची "मिसिंग लिंक" ही तशी वाट. खोपोलीजवळून निघून लोणावळ्यापलीकडे कुसगावला निघणारा १३.३ किलोमीटरचा हा मार्ग, त्यात दोन बोगदे आणि दोन पूल. एक बोगदा पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, दुसरा जवळजवळ नऊ किलोमीटरचा, लोणावळा तलावाच्या खालून जाणारा. एका दिशेला चार मार्गिका. दरीवरचा केबलवर तोललेला पूल साडेसहाशे मीटर लांबीचा. कामाला २०१९ मध्ये सुरुवात झाली. १९ किलोमीटरचा घाटाचा टप्पा यामुळे सुमारे सहा किलोमीटरने कमी होतो.

सहा किलोमीटर वाचले म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. खरा फायदा दुसराच आहे. उंची तेवढीच चढायची असली तरी ती चढताना आडवळणं येत नाहीत, वरून दगड येत नाही, धुक्यात कठडा शोधावा लागत नाही. वेग एकसारखा राहतो, आणि लांबच्या प्रवासाची गाडी स्थानिक वाहतुकीतून, खंडाळ्याच्या फाट्यांवरून बाहेर पडते. जुन्या घाटाला श्वास घ्यायला जागा मिळते, ती वेगळीच.

कातळात बोगदा खणणं म्हणजे रोज एकच चक्र. कातळाच्या तोंडावर ठरलेल्या नक्षीत भोकं पाडायची, सुरुंग भरायचे, उडवायचे, धूर बाहेर जाऊ द्यायचा, मलबा उपसायचा, वर लोंबणारे दगड पाडून घ्यायचे, काँक्रीट फवारायचं, सळया ठोकायच्या आणि मग पुढची फेरी. चांगल्या कातळात एका फेरीत तीन-चार मीटर. कातळ खराब लागला, तो तांबडा मऊ थर आडवा आला, पाणी फुटलं, की दीड मीटरवर यायचं आणि आधार वाढवायचा. भूवैज्ञानिक दर फेरीनंतर तोंडाशी उभा राहून कातळ वाचतो आणि त्यावर आधार ठरतो. नऊ किलोमीटर असेच वाचत-वाचत जायचे असतात.

बोगद्यात नवे धोके येतात, हे मात्र मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. १९९९ मध्ये फ्रान्स आणि इटलीच्या मधल्या माँ ब्लाँ बोगद्यात लोण्यासारखं मार्गरीन आणि पीठ नेणाऱ्या एका ट्रकने पेट घेतला. ११.६ किलोमीटरचा तो बोगदा एकाच नळीचा, दोन्ही दिशांची वाहतूक त्यातूनच. ३९ माणसं गेली. नुसतं मार्गरीन-पीठ भरलेला ट्रक बंद जागेत काय करू शकतो, हे जगाने तेव्हा पाहिलं. आज लांब बोगदे जोडीने खणतात आणि दोन्ही नळ्यांना ठरावीक अंतरावर आडव्या वाटांनी जोडतात, ते याचसाठी. एका नळीत आग लागली की माणसांनी दुसऱ्या नळीत जायचं. छताचे पंखे धूर एका दिशेला ढकलतात, म्हणजे अडकलेल्यांच्या बाजूला हवा राहते. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा, पावणेआठ किलोमीटरच्या आसपासचा जोड बोगदा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्यात तापमान वाढलं की पाण्याचे बारीक तुषार सोडणारी यंत्रणा आहे. कसारा घाटातला ताण ज्यांनी वर्षानुवर्षं सोसला आहे त्यांना त्या बोगद्याचं मोल वेगळं सांगायला नको. मुंबई-गोवा मार्गावर कशेडी घाटाखालचे जेमतेम दोन किलोमीटरचे बोगदे लहान वाटतात, पण पोलादपूर-खेडच्या मधली सगळी वळणं त्यांनी गिळली.

प्रवाशांनी एकच लक्षात ठेवायचं. बोगद्यात गाडीतून धूर यायला लागला, तर जमल्यास बाहेर काढा. नाही जमलं तर किल्ली गाडीतच ठेवून उतरा आणि जवळच्या आडव्या वाटेने चालायला लागा. व्हिडिओ काढत थांबू नका. धूर आपल्या चालीपेक्षा वेगाने येतो.

चूक झाली तरी जीव वाचावा

द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसं अपघातांत गेली. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्ता सुरक्षेवर काम करणारी संस्था यांनी या रस्त्यावर शून्य मृत्यूचं ध्येय ठेवून काम हाती घेतलं, आणि पुढच्या वर्षांत हा आकडा बराच खाली आला. या कामात मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी बारीकसारीक जागा शोधल्या. पुलाच्या खांबाचं उघडं काँक्रीट गाडीला थेट भिडत होतं, तिथे आधी धक्का झेलणारा कठडा हवा. कठड्याचं सुरुवातीचं टोक भाल्यासारखं समोर येत होतं, ते वळवायला हवं. कडेला उभा राहिलेला ट्रक लवकर हलवला पाहिजे, कारण अंधारात मागून येणाऱ्याला तो दिसत नाही. यात कुठेही मोठा खर्च नाही. ड्रायव्हर कधीतरी चुकणार, डुलकी लागणार, टायर फुटणार, हे आधीच धरून चालायचं आणि त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये अशी रस्त्याची रचना करायची, एवढाच विचार.

या विचाराचा घाटातला सर्वांत सुंदर नमुना म्हणजे ब्रेक गेलेल्या ट्रकसाठीची सुटकेची वाट. उताराच्या बाजूला एक रस्ता वर चढत जातो आणि त्यावर गोल गोट्यांचा खोल थर असतो. सुटलेला ट्रक त्यात शिरला की चाकं रुततात. ताशी १०० च्या वेगाने आलेला ट्रकसुद्धा दहा टक्के चढ असलेल्या अशा वाटेवर शंभर-सव्वाशे मीटरमध्ये थांबतो. गोटे मात्र गोलच हवेत. टोकदार खडी एकमेकांत अडकून घट्ट बसते, मग ती साधा रस्ता होते आणि ट्रक वरून निघून जातो. आणि गोट्यांचा थर अधूनमधून उकरून मोकळा ठेवावा लागतो. आपल्या घाटांत अशा वाटा अजून विरळाच. बोगद्यांच्या खर्चाच्या तुलनेत त्यांचा खर्च किती, हे पाहिलं की त्या अजून का नाहीत, या प्रश्नाने मला खरोखर अस्वस्थ व्हायला होतं.

चालू रस्त्यावरची शस्त्रक्रिया

घाटाचं काम सपाटीच्या कामाहून रखडतं, त्याला पैसा आणि परवानग्या ही कारणं असतातच, पण मुख्य अडचण अशी की वाहतूक थांबवता येत नाही. वळवायला दुसरा रस्ता नसतो. अमृतांजन पूल हे त्याचं चांगलं उदाहरण. इंग्रजांच्या काळातला तो दगडी पूल द्रुतगती मार्गावर आडवा होता, त्याचे खांब मार्गिकांच्या मधे आणि जागा नेमकी वळणाची. तो पाडायला हवा हे सगळ्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं. पाडला गेला एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, रस्ता रिकामा मिळाला तेव्हा. अनेकांना त्या पुलाचं वाईट वाटलं, मलाही वाटलं. सहलीच्या बसमधून तो दिसला की लोणावळा आलं असं आम्ही पोरं ओरडायचो. पण त्याच्या खांबांपाशी झालेल्या अपघातांचा हिशेब मांडला तर तो जायलाच हवा होता.

बाकीची कामं अशी मोकळी संधी मिळत नसल्याने दुपारच्या दोन-तीन तासांच्या ब्लॉकमध्ये, आठवड्याच्या मधल्या वारी, तुकड्या-तुकड्याने होतात. आणि ती सगळी संपवायची असतात मेअखेर. त्या दिवसांत घाटात अडकलात तर वर कड्याकडे बघा. कमरेला दोर बांधलेली दोन-तीन माणसं पहारीने एकेक दगड ठोकून बघत असतात. घट्ट दगडाचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्याचा बद्द. बद्द वाजला की पहार खाली घालून तो दगड पाडायचा. खाली दुसरी टोळी गटारातला वर्षभराचा गाळ, प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं पोत्यांत भरत असते. आम्हाला मागच्या वर्षी अशा ब्लॉकमध्ये पन्नास मिनिटं लागली. गाड्या सुटल्या तेव्हा गटार तळापर्यंत मोकळं झालं होतं, आणि जून लागायला सहा दिवस होते.